पेढीवरील माणसांचे आरोग्य : तपासणीला माणूस का येत नाही?

सावनेर आणि भोवतालच्या परिसरात दोन प्रकारची माणसे नोकरी करतात. एक, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत कोळसा खाणीत उतरणारी. दुसरी, आपल्या दुकानांत, वखारींत, जिनिंगमध्ये आणि अडतीवर राबणारी. पहिल्या प्रकारच्या माणसाला खाणीत पाऊल ठेवण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. पुढेही दोन तपासण्यांमध्ये पाच वर्षांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये, असे १९५५ चे खाण नियम सांगतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस मात्र वीस-पंचवीस वर्षे एकाच पेढीवर इमानाने काम करतो आणि त्याचा रक्तदाब एकदाही कोणी मोजलेला नसतो. दोघेही एकाच बाजारातून भाजी घेतात, दोघांची मुले एकाच शाळेत शिकतात. परंतु एकाच्या छातीची, डोळ्यांची, कानांची नोंद कागदावर आहे आणि दुसऱ्याची कोठेच नाही.

हे अंतर मिटवावे असे अनेक व्यापारीबंधूंना मनापासून वाटते. आरोग्य शिबिरे भरतात, फलक लागतात, डॉक्टर येतात. प्रत्यक्षात मात्र रांगेत उभे राहतात ते ज्यांना बहुधा काहीच झालेले नाही असे लोक. ज्याला खरी गरज आहे तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो, अथवा ‘मला काय झालंय, शेठजी?’ असे म्हणून पोती मोजू लागतो. सोय उपलब्ध असूनही माणूस तिचा लाभ का घेत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात डोकावणे उचित ठरेल.

एम्प्रेस मिलचा धडा

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात जुम्मा तलावाजवळ १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. यंत्रे उत्तम होती आणि वऱ्हाड-विदर्भाचा कापूस हाताशी होता. अडचण होती ती माणसांची. कामगार मन मानेल तेव्हा येत आणि मन मानेल तेव्हा घरी राहत. रोज सुमारे वीस टक्के माणसे गैरहजर असत, असे टाटांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे दंड ठोठावणे किंवा कामावरून काढून टाकणे हा सरळ उपाय होता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई यांनी तो मार्ग स्वीकारला नाही. त्यांनी कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी व विम्याची व्यवस्था उभी केली. खेळांचे व कुटुंबमेळाव्यांचे दिवस ठरविले आणि त्यांत घड्याळे, सोन्याच्या साखळ्या, रोख रक्कम अशी बक्षिसे ठेवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. या गोष्टी कायद्याने आपल्या देशात येण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

या घटनाक्रमातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बक्षीस एकटे दिले गेले नाही. त्याच्या पाठीशी सुरक्षितता होती. ‘तुला अपघात झाला तर आम्ही पाठीशी आहोत, तू म्हातारा झालास तर रिकाम्या हाताने जाणार नाहीस’, ही हमी हळूहळू उभी राहिली, म्हणून खेळाच्या दिवसाला आणि साखळीला अर्थ आला. आज आपण आरोग्य शिबिरात टोपी, पिशवी, नाश्ता देतो. पण आजार निघाला तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर देत नाही. कर्मचारी टोपीचा विचार करीत नाही, त्या प्रश्नाचा करतो.

न येण्यामागील तीन भये

बँकेच्या सेवेत असताना कर्जखात्यांच्या निमित्ताने अनेक घरांचा जमाखर्च पाहण्याचा योग आला. नियमित हप्ते भरणारे खाते अचानक थकले की त्यामागे पुष्कळदा घरातील आजारपण असे; आणि तो आजार बहुतेक वेळा एका दिवसात आलेला नसे. लक्षणे वर्षभर होती, केवळ दाखविले नव्हते. का दाखविले नाही, असे विचारले असता जी उत्तरे मिळत, त्यांत तीन भये पुनःपुन्हा दिसून येत.

पहिले भय रोजगाराचे. हमाल, मापारी, मालवाहू गाडीचा चालक यांचे पोट शरीराच्या बळावर चालते. तपासणीत कमरेचा, हृदयाचा अथवा दृष्टीचा दोष निघाला तर मालक दुसरा माणूस पाहील, ही धास्ती त्यांच्या मनात असते. आणि ती अगदीच निराधार असते असे म्हणता येणार नाही.

दुसरे भय खर्चाचे. तपासणी फुकट असली तरी औषध फुकट नसते. मधुमेह किंवा रक्तदाब निघाला म्हणजे आयुष्यभराची गोळी मागे लागली, असा हिशेब माणूस मनातल्या मनात करतो आणि ‘माहीतच नको’ या निर्णयाला येतो. जो रोजंदारीवर आहे त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडण्याचीही काळजी असते.

तिसरे भय लज्जेचे. तंबाखूचे व्यसन, दारू, मनाचा ताण, स्त्रियांचे आजार या गोष्टी चार सहकाऱ्यांसमोर, त्यातही शेठजींसमोर उघड व्हाव्यात असे कोणालाही वाटणार नाही. शिबिरात टेबलाभोवती घोळका जमलेला असतो, डॉक्टर मोठ्याने प्रश्न विचारतात आणि अहवालांचा गठ्ठा मालकाच्या गादीवर ठेवला जातो. अशा ठिकाणी मनमोकळे उत्तर कोण देईल?

बक्षिसाने काय साधते, काय साधत नाही

परदेशांत या विषयाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काहींना आरोग्य कार्यक्रमात बोलावले, काहींना नाही. तपासणी पूर्ण करण्यासाठी ज्यांना काहीही देऊ केले नव्हते, त्यांपैकी ४७ टक्के आले. शंभर डॉलर देऊ केले तेव्हा ५९ टक्के आले. दोनशे डॉलर देऊ केले तेव्हा ६३ टक्के. म्हणजे पहिल्या शंभराने बारा टक्क्यांची भर पडली, दुसऱ्या शंभराने केवळ चारांची. व्यापाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पैशाने सहभाग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. जे स्वतःहून सहभागी झाले, त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच इतरांपेक्षा कमी होता. जे निरोगी ते आले. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ते मागे राहिले. आपल्या शिबिरांतील अनुभवही याहून निराळा नाही.

बीजेज होलसेल क्लब नावाच्या अमेरिकेतील घाऊक विक्रीच्या साखळीतही असाच प्रयोग झाला. तेथे १६० केंद्रांत मिळून सुमारे ३३ हजार कर्मचारी होते. त्यांपैकी वीस केंद्रांत आरोग्य कार्यक्रम राबविला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षानंतर तेथील लोक नियमित व्यायाम करण्याकडे व वजनाकडे अधिक लक्ष देऊ लागल्याचे स्वतः सांगत होते. परंतु रक्तदाब, साखर, वैद्यकीय खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

म्हणून कोणी तुम्हाला ‘आरोग्य कार्यक्रमावर एक रुपया खर्च करा, वर्षात तीन रुपये परत मिळतील’ असे सांगत असेल, तर ते जपून ऐकावे. हा खर्च लगेच नफा देणारा नाही. मग तो करावा का? करावा, आणि त्याचे कारण निराळे आहे. आपल्या भागातील काही आजार असे आहेत की ते वेळीच दिसले तर माणूस वाचतो आणि उशिरा दिसले तर कुटुंब उघड्यावर येते. अशा मोजक्या गोष्टींवर लक्ष केंद्रित करणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या बाजारपेठेतील आजार

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा पदार्थ विदर्भातील प्रत्येक बाजारात शिरला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर राहिला. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठ होत जाते, तोंड पूर्ण उघडेनासे होते, तिखट सोसत नाही आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम ही धोक्याची खूण असते आणि ती बॅटरीच्या उजेडात साध्या डोळ्यांनी दिसते. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट कापसाची. जिनिंगमध्ये उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली की फुफ्फुसांचा विकार जडतो. त्याची सुरुवात चमत्कारिक असते. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, पुढच्या दिवसांत बरे वाटते. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. ‘सुटीनंतर पहिल्या दिवशी दम लागतो का?’ हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते.

तिसरी गोष्ट कंबर आणि गुडघ्यांची. पोती, पेट्या व गाठी उचलणाऱ्याचा भार आपण लहान पोत्याने किंवा साध्या हातगाडीने हलका करू शकतो. चौथी, उन्हाची. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुपारी एक ते चार या वेळात मालाची चढउतार न करणे, सावली, माठातील पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी हाच येथील उन्हाळ्याचा आरोग्य कार्यक्रम होय.

आणि पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या गादीची आहे. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीवर, जवळपास एकाच परिस्थितीतील. पण दिवसभर बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले, तर दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत कमी. आपल्या दुकानात जिना चढणारा वाहक म्हणजे नोकर आणि बसलेला चालक म्हणजे मालक. तपासणीची गरज कोणाला अधिक आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

सहभाग वाढावा म्हणून

वरील विवेचनातून जे मार्ग निघतात ते दहा-बारा माणसांच्या पेढीलाही झेपणारे आहेत.

सर्वप्रथम मालकाने स्वतः रांगेत उभे राहावे. शेवटी सत्कारापुरते नव्हे, तर पहिल्या क्रमांकावर, सर्वांदेखत, त्याच खुर्चीत बसून. शेठजींचाही रक्तदाब वाढलेला निघू शकतो आणि त्यांनाही मीठ कमी करायला सांगितले जाते, हे दिसले की निम्मा संकोच गळून पडतो. घरातील भाभी आणि सुना याही दुकानातील स्त्री कर्मचाऱ्यांबरोबर आल्या तर त्याहून उत्तम.

दुसरे, तपासणीची वेळ पगारी असावी. सुटीच्या दिवशी बोलावू नये. समजा, दहा माणसे आहेत आणि प्रत्येकाची रोजची मजुरी पाचशे रुपये आहे. अर्ध्या दिवसाचे अडीचशे धरले तर एका वेळचा खर्च अडीच हजार होतो. वर्षातून दोनदा केले तर पाच हजार. एका लग्नसराईत आपण ग्राहकांच्या चहापाण्यावर किती खर्च करतो, याच्याशी ही रक्कम ताडून पाहावी.

तिसरे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, अहवाल कर्मचाऱ्याच्याच हाती जावा. मालकाने त्याची प्रत मागू नये, मुनीमजींनी फाइल करू नये, डॉक्टरांनी मालकाला नावानिशी काही सांगू नये. त्याचबरोबर तपासणीत काहीही निघाले तरी कोणाची नोकरी जाणार नाही, गरज पडल्यास काम बदलून दिले जाईल, असे चार ओळींचे पत्र मालकाच्या सहीने आधीच लावावे. बँकेत आम्ही हमीपत्रावाचून व्यवहार करीत नसू. येथेही तोंडी आश्वासनापेक्षा लेखी शब्दाचे वजन अधिक आहे.

चौथे, निमंत्रण योग्य माणसाकडून जावे. हमालांना हमालांच्या मुकादमाने सांगितलेले पटते, काउंटरवरील मुलींना त्यांच्यातील वडीलधाऱ्या बाईने. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. श्रमिकांना स्वस्त व सकस जेवण देणारी ही केंद्रे टिकली, कारण ती हमालांना आपली वाटत होती. कोणी वरून दिलेली भेट नव्हती. काय तपासावे, कोणत्या दिवशी, कोठे, हे आधी माणसांना विचारावे. आठवडी बाजाराचा दिवस आणि कापसाचा हंगाम टाळून आषाढ-श्रावणातील मंदीचा काळ निवडला, तर कोणाचीच ओढाताण होत नाही.

पाचवे, तपासणीनंतरचा रस्ता आधीच तयार ठेवावा. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनांचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य करण्याची राष्ट्रीय योजना आहे. जवळच्या आरोग्य केंद्राशी किंवा शासकीय रुग्णालयाशी बोलून आपल्या माणसांसाठी एक सकाळ ठरवून घेता येते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे, तर मनाच्या ताणासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक. हे दोन्ही क्रमांक दुकानात पाण्याच्या माठाजवळ लावून ठेवावेत. तेथे कोणीही, कोणाच्या नकळत ते टिपून घेऊ शकतो. ज्या आस्थापनांना राज्य कामगार विमा योजना लागू आहे, तेथे प्रत्येकाचे कार्ड तयार आहे ना आणि घरच्यांची नावे त्यात आहेत ना, हे मुनीमजींनी एकदा पाहून घ्यावे. हप्ता कापला जातो आणि कार्डाचा उपयोग कोणालाच ठाऊक नसतो, असेही घडते.

माणसाबरोबर दुकानही तपासावे

आरोग्याचा उपदेश करणे सोपे असते. दुकानाची व्यवस्था बदलणे कठीण. केरळमधील कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दहा-बारा तास उभे राहावे लागे, बसण्यास मनाई असे. कोझिकोडच्या पी. विजी यांनी या स्त्रियांना संघटित केले आणि २०१८ मध्ये केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानात बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तोच मार्ग धरला. एका साध्या स्टुलासाठी कायदा करावा लागावा, ही व्यापारी वर्गाने विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहावी? काउंटरमागे स्टूल, ग्राहक नसताना बसण्याची मुभा, स्त्रियांसाठी स्वच्छ व कडी लागणारे स्वच्छतागृह, जेवणासाठी ठरलेली अर्ध्या तासाची वेळ, पिण्याचे शुद्ध पाणी. एवढे झाले तरी पुष्कळ झाले. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : दुकानातील पोऱ्याला खर्रा आणायला पाठवू नये. ज्या हाताने आपण तंबाखूमुक्तीचा फलक लावतो, त्याच हाताने त्याला पैसे दिले तर फलक कोण वाचणार?

कायदाही आता त्याच दिशेने जात आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ठरवून दिलेल्या वयाच्या किंवा वर्गातील कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्यतपासणी मालकाने विनामूल्य करून देण्याची तरतूद आहे. आपल्या आस्थापनेला काय लागू होते, हे सनदी लेखापालांकडून समजून घ्यावे. तथापि कायद्याने तपासणी होईल, विश्वास निर्माण होणार नाही. तो मालकाच्या वागण्यातूनच यावा लागतो.

लहान दुकानदारांनी एकट्याने भार उचलण्याचे कारण नाही. एका रांगेतील आठ-दहा दुकाने मिळून एक सकाळ ठरवू शकतात. निम्मी माणसे आधी, निम्मी नंतर, म्हणजे शटर खाली ओढावे लागत नाही. पहिल्या वर्षी वीसपैकी नऊच जण आले तर निराश होऊ नये. जे आले नाहीत त्यांची हजेरी घेऊ नये, टोमणा मारू नये. चार महिन्यांनी पुन्हा तीच सकाळ ठेवावी. पहिल्या खेपेला कोणाचीही नोकरी गेली नाही, कोणाचीही गोष्ट बाजारात फुटली नाही, उलट एकाला वेळेवर औषध सुरू झाले, हे तोपर्यंत सर्वांनी पाहिलेले असते. दुसऱ्या खेपेची रांग त्यामुळेच लांबते.

पेढीचे नाव पाटीवर आपले असते. पण ग्राहकाला आपल्या दुकानाचा चेहरा म्हणून आठवतो तो पुष्कळदा आपला जुना माणूस. कोणत्या घरी कोणता माल लागतो, कोणाची उधारी कधी मागावी, हे त्यालाच ठाऊक असते. येत्या आषाढात त्याच्यासाठी अर्धा दिवस, एक स्टूल आणि सहीचे एक पत्र, एवढी तरतूद प्रत्येक व्यापारी कुटुंबाने करावी, आणि पहिल्या खुर्चीवर स्वतः बसावे, अशी नम्र विनंती.